सात, चार, सात

४ सप्टेंबर

ती. ताई,
सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलणं जमणार नाही. तुमच्या टेकडीवर फोन लागलाच तर अर्धं बोलणं वारा खातो आणि उरलेलं अर्धं तुमचा भाऊ मागे उभा राहून ऐकतो. म्हणून पत्र.

भिंगरीने शाळेत एका मुलीला चावलं. कात्रीवरून. दंडावर दातांचे सहा ठसे उमटलेत, ते मोठ्या बाईंनी मला मोजून दाखवले. मी मान खाली घालून ते पाहिले, आणि खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो हा की पुढचे दोन दात पडलेत म्हणून सहा, नाहीतर आठ झाले असते. मोठ्या बाई म्हणाल्या, "शाळेत पालकांसाठी वर्ग सुरू होतोय. दहा आठवडे. दोघांनी यायचं. त्यानंतर पाहू." काय पाहू, ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला कळलं.

ताई, ही मुलगी साडेपाच वर्षांची आहे आणि मी हात टेकलेत. ती सतत ओरडते. काहीही पुरतं. मोज्याची शिवण बोटाला लागली, पाव तिरका कापला, जिन्यात तिच्याआधी मी बटण दाबलं. दिवसभर मी दुकानात चष्म्याच्या काचा घासते, तिथे केसाएवढी चूक चालत नाही, तरी मला तिथेच बरं वाटतं. तीन वाजले की मी घड्याळाकडे पाहायचं टाळते, कारण आता तिला आणायला जायचं. हे आईने लिहावं का? पण लिहिलं.

तर विचारायचं ते हे. जानेवारीपासून वर्षभर तिला तुमच्याकडे ठेवाल का? तुमच्या गावात लहानशी शाळा आहे. तुम्ही शांत आहात. लहानपणी तुम्ही तुमच्या भावाला सांभाळलंत आणि तोही काही देवाघरचा साधू नव्हता, असं तुम्हीच सांगता. ह्यांच्याशी बोलले आहे. हे म्हणाले, "ताईला विचार, मी विचारणार नाही." म्हणजे ह्यांनाही पाठवायची आहे आणि वाईटपणा मात्र मी घ्यायचा!

हो किंवा नाही, लवकर कळवा.

तुमची,
धाकटी


११ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. सहा ठशांवर मी हसले, हे तुला आवडणार नाही, पण खोटं कशाला बोलू.

हो किंवा नाही, दोन्ही आत्ता सांगत नाही. आधी मला महिनाभराची नोंद पाठव.

तुझ्या पत्रात "सतत" हा शब्द आहे. वेधशाळेच्या वहीत आम्ही तो शब्द लिहू शकत नाही. तिशी उलटल्यापासून मी या टेकडीवर वाऱ्याच्या आणि पावसाच्या नोंदी घेते आहे, आणि मला अजून एकदाही सतत पाऊस भेटलेला नाही. गावातली माणसं मात्र दरवर्षी सांगतात की यंदा सतत पडतोय.

नोंद कशी घ्यायची ते नीट वाच. दिवसातल्या तीन वेळा ठरव आणि त्या मोडू नकोस. तुझ्या कामाच्या हिशेबाने सकाळी सात, दुपारी चार, संध्याकाळी सात. त्या क्षणी तिच्याकडे पाहायचं आणि जे दिसेल ते एका ओळीत लिहायचं. काय वाटतं ते नाही, काय दिसतं ते. मागाहून आठवून लिहायचं नाही. चुकली तर जागा कोरी ठेवायची. कोरी जागा ही लाज नाही, ठोकून दिलेला आकडा ही लाज आहे.

आणखी एक. आमच्या झडपांच्या पांढऱ्या पेटीत दोन तापमापक असतात, एक कोरडा आणि एक ओल्या कापडात गुंडाळलेला. एकट्याने काहीच कळत नाही, दोघांतल्या फरकावरून हवेतला दमटपणा कळतो. तेव्हा तूही दोन रकाने आख. एकात मूल. दुसऱ्यात, त्याच क्षणी खोलीत जे मोठं माणूस असेल ते. ते काय करत होतं, तेही एकाच ओळीत.

माझ्या भावाला म्हणावं, बंड्या, वर्गाला नीट बस, खुर्चीवर झुलू नकोस.

तुझी,
ताई


२० सप्टेंबर

ती. ताई,
सा. न. वि. वि.

मी मुलगी ठेवून घ्याल का विचारलं आणि तुम्ही मला वही आखायला लावलीत. नको असेल तर सरळ नको म्हणा, मी रागावणार नाही. (रागावेन. पण सांगणार नाही.)

तरी वही आखली. पंधरा तारखेपासून सुरू केली. तुमच्या शब्दाबाहेर जायची माझी टाप नाही, सासूबाई होत्या तेव्हा त्याही तुमचंच ऐकायच्या. हा घ्या नमुना :

१५ सप्टेंबर. सकाळी ७ : मूल पलंगाच्या कडेला बसून एकच मोजा पाहत आहे. मोठं माणूस : चावी शोधत आहे, शिव्या देत आहे (तुमचे बंधू).
दुपारी ४ : मूल डांबरी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीवरून चालत आहे. मोठं माणूस : "लवकर चल" म्हणत आहे.
संध्याकाळी ७ : मूल टेबलाखाली. ओरडत आहे. मोठं माणूस : टेबलावरून, ओरडत आहे.

वर्गाला गेलो होतो. शाळेतल्याच खोलीत, मुलांच्या खुर्च्यांवर. तुमचा भाऊ दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून बसतो, तरी त्या खुर्चीत त्याचे गुडघे कानाशी आले. शेजारी एक बेकरीवाला बाप होता, तो उठला तर खुर्ची त्याच्याबरोबर उठली. वर्गाच्या बाई काही हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमची मुलं रोज अशाच जगात बसतात, फक्त त्यांना मोठ्या खुर्च्या असतात." मी वहीत लिहून घेतलं आणि मग लक्षात आलं की छान वाटलं तरी मला त्यातलं काही नीट कळलेलं नाही.

पण एक गोष्ट कळली. रोज दहा मिनिटं मुलाचं राज्य. खेळ त्याचा, नियम त्याचे. आपण विचारायचं नाही, शिकवायचं नाही, सुचवायचं नाही. फक्त जे दिसतं ते बोलून दाखवायचं. "तू निळा खडू घेतलास." एवढंच. दहा मिनिटं मोजायला मी अंडी उकडायची घंटी लावते. पहिल्या दिवशी मी दीड मिनिटात सात प्रश्न विचारले आणि दोन गोष्टी शिकवल्या. भिंगरी माझ्याकडे पाहतच राहिली. मला तोंडाला कुलूप लावायची सवयच नाही हो.

उत्तर काय ते कळवा.

तुमची,
धाकटी


२७ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

नमुना उत्तम. "एकच मोजा पाहत आहे" हे वाक्य मी आमच्या जोडीदारणीला वाचून दाखवलं, ती इथे माझ्याबरोबर आळीपाळीने नोंदी घेते. ती म्हणाली, ही बाई नोकरी मागायला आली तर आपण ठेवून घेऊ.

एक दुरुस्ती. "शिव्या देत आहे" चालेल, ते ऐकू येतं. पण सोबत जोडलेल्या पानावर तू "मुद्दाम दूध सांडत आहे" असं लिहिलं आहेस. मुद्दाम हे दिसलं कसं? दूध सांडताना दिसलं असेल. मुद्दाम काढून टाक.

बाकी उत्तर महिना झाल्यावर. घाई करू नकोस.

तुझी,
ताई


१८ ऑक्टोबर

ती. ताई,
सा. न. वि. वि.

तुमच्यामुळे भर वर्गात माझी शोभा झाली. आधी ते ऐका, मग बाकीचं.

वर्गाच्या बाईंनी दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना एक छापील तक्ता दिला होता. मूल चिडलं की भरायचा : किती वाजता, त्याआधी काय झालं, किती वेळ चाललं, नंतर काय झालं. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. माझ्या घरात प्रत्यक्ष वेधशाळेची पद्धत चालू असताना तक्ता कशाला, असा माझा तोरा. पाचव्या आठवड्यात बाईंनी तक्ते मागितले. सगळ्यांनी भरलेले तक्ते काढले, बेकरीवाल्याच्या तक्त्यावर लोण्याचे डाग होते पण भरलेला होता. मी वही काढली. बाईंनी दोन पानं उलटली. "पण ह्यात तर ती चिडलेली दिसतच नाही कुठे," त्या म्हणाल्या. "इथे ती दोरीला गाठ मारते आहे. इथे पायरीवर बसली आहे. इथे दात घासते आहे. अहो, आपल्याला चिडल्यावरची नोंद हवी होती, तुम्ही तर घड्याळाची नोंद केलीत!" सगळा वर्ग हसला. तुमचा भाऊ सगळ्यांत मोठ्याने.

घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. चार आठवडे नेमाने घड्याळ पाहत बसले, हातातलं काम टाकून, आणि सगळं पाण्यात. पण घरी आल्यावर ह्यांनी वही घेतली. लिफ्ट तपासणीचा कागद भरतात तसं कानावर पेन्सिल खोचून एकेक ओळ मोजायला बसले. मग वही माझ्यापुढे सरकवली.

अठ्ठावीस दिवस. चौऱ्याऐंशी नोंदी. त्यातल्या नऊ कोऱ्या. राहिल्या पंचाहत्तर.

मूल ओरडत आहे : पाच.

ताई, पाच. मी म्हटलं, परत मोजा. त्यांनी परत मोजलं. मी म्हटलं, माझ्या वेळाच चुकल्या असतील, ती मधल्या वेळात ओरडत असेल. ते म्हणाले, "सकाळी शाळेची घाई, चारला थकलेली, सातला भुकेली. ह्याहून वाईट वेळा कोणत्या शोधणार होतीस?" मग मी सगळी वही पहिल्यापासून वाचली. माझंच अक्षर, आणि मी कधी न पाहिलेली मुलगी. मूल खिडकीच्या काचेवर नाक लावून उभं. मूल बुटात बूट घालून ठेवत आहे. मूल झोपलेल्या बापाच्या पोटावर हात ठेवून हाताचं वर-खाली होणं पाहत आहे. हे मी लिहिलंय, म्हणजे पाहिलंच असणार. पण दिवस संपला की माझ्याजवळ त्या पाच ओळीच उरायच्या.

आता दुसऱ्या रकान्याचं. मोठं माणूस ओरडत, दटावत, घाई करत आहे : एकतीस. त्यात तुमच्या भावाचा वाटा नऊ. बाकीचा कोणाचा हे विचारू नका. ह्यांनी नुसतं "हं" केलं आणि चहा ठेवायला गेले, माणूस बायकोला घाबरतो हे किती चांगलं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत वर्गाच्या बाई भेटल्या तेव्हा मी हे त्यांना सांगितलं. त्या बराच वेळ पानं चाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तक्ताही भरा. पण ही वही थांबवू नका." आणि पुन्हा "पंचाहत्तरात पाच" असं स्वतःशीच म्हणाल्या. त्यानंतर मी दुसऱ्या रकान्यावर नजर ठेवून वागते आहे. चार वाजायला आले की मनात येतं, आता लिहायचंय, निदान ओरडत असताना तरी सापडायला नको. खरंच सांगते, निम्मा फरक ह्या भीतीने पडलाय.

भिंगरीही वर्गाची पद्धत शिकली आहे, कोणी शिकवली नसताना. परवा हे चावी शोधत होते, तर ही समोर येऊन उभी राहिली : "बाबा, तुम्ही आत्ता खूप चिडला आहात. तुम्हाला चावी सापडत नाहीये. पाणी हवंय का?" हे पाणी प्यायले. दुसरं काय करणार!

म्हणजे सगळं छान झालं, असं समजू नका. चावली नाही, पण आठवड्याला तीनदा तरी असं ओरडते की कानठळ्या बसतात. परवा बटणावरून वीस मिनिटं जिन्यात. अशा वेळी ते पंचाहत्तर-पाच मला काही उपयोगाचं वाटत नाही, तिला कुठेतरी पाठवावं आणि दार लावून बसावं, एवढंच वाटतं. महिना झालाय. भरलेली वही सोबत पाठवते आहे. आता तरी हो की नाही ते सांगा.

तुमची,
धाकटी


२५ ऑक्टोबर

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

वही दोनदा वाचली. परत पाठवते आहे, कारण ती तुझ्याजवळ हवी.

चूक माझी. तुमच्या वर्गात काय मागतील, ते मी विचारायला हवं होतं. वादळ आलं की धावत जाऊन नोंद घ्यायची, असंही काम असतं आणि ते करणारी माणसं वेगळी असतात. मला माझंच काम येतं, तेच मी तुला शिकवलं. बाईंची माफी माग माझ्या वतीने.

आता तिच्या स्वभावाचं. वर्गाने तिचा स्वभाव बदलेल का, असं तू एका पानाच्या समासात लिहून खोडलं आहेस. खोडलेलं वाचता येतं बरं. मला विचारशील तर स्वभाव बदलणार नाही. आमच्या टेकडीवर वारा आहे, तो मी आल्यापासून आहे आणि मी गेल्यावरही राहील. पण माझ्या आधीचे वेधशाळावाले दार वाऱ्याच्या तोंडाला ठेवून बसायचे आणि दिवसभर वाऱ्याच्या नावाने खडे फोडायचे. मी दार दुसऱ्या भिंतीत काढलं. तुमचा वर्ग मला तसा दिसतो, दार हलवायचं काम. वारा तिचाच राहील. तुझा नवरा बंड्या सहा वर्षांचा असताना पायरीवर डोकं आपटून घ्यायचा, कारण चंद्र बरोबर येतो म्हणून. आता तोच लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात शांतपणे दोऱ्या तपासतो. हे कोणत्या वर्गाने केलं, ते मला माहीत नाही.

तू विचारलेल्याचं उत्तर : हो. पाठव. मी ठेवून घेईन. इथल्या शाळेत बोलून ठेवलं आहे, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जागा आहे. वहीवरून मला वाटतं की तिला पाठवायची गरज नाही. पण वही तिची आहे आणि घर तुझं आहे, तेव्हा ठरवायचं तू.

तुझी,
ताई


९ नोव्हेंबर

ती. ताई,
सा. न. वि. वि.

तुमचं "हो" आलं त्या दिवशी मी ते स्वयंपाकघरात ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. "पाठव. मी ठेवून घेईन" हे दोनदा वाचलं, कारण जीव भांड्यात पडला होता. मग आम्ही बोलत बसलो. वर्षभर नको, सहा महिने पाठवू. हे म्हणाले, महिन्यातून एकदा जाऊन भेटू. मी म्हटलं, तेवढ्यात मलाही जरा माणसात येता येईल. भिंगरी न्हाणीघरात खडू धूत होती. पाण्याचा आवाज येत होता, म्हणून आम्ही निर्धास्त.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता दहा मिनिटांचं राज्य. तिने चपलांचं रिकामं खोकं आणलं आणि बाहुलीचे कपडे. मी घंटी लावली.

"तू खोक्यात मोजे ठेवते आहेस," मी म्हटलं.

"हो. ही जाणार आहे."

कुठे, हा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. पण विचारायचं नाही. "तू आता चमचा ठेवलास."

"तिकडे तिला दुसरा चमचा देतील. तो तिला आवडणार नाही."

"तू फ्रॉकची घडी घालते आहेस."

"ही फार ओरडते ना, म्हणून. आत्याकडे वारा असतो. तिकडे ओरडलं तर चालतं. इथे आईला जरा माणसात यायचंय."

ताई, रोजची मी असते तर पहिल्याच मोज्याला विचारलं असतं, हे काय चाललंय, कोणी सांगितलं तुला, दाराआडून ऐकतेस का. आणि तिने खोकं भिरकावलं असतं, ओरडली असती, मी तक्त्यात लिहिलं असतं : कारण काही नाही. मी खोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाहुली कुठेही जाणार नाही."

तिने माझा हात उचलून बाजूला केला. रागाने नाही, आपण टेबलावरचा पेला सरकवतो तसा. "आई, अजून वाजली नाही. तू सांगायचं नाहीस."

मी घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं होती. ताई, मी तिथे बसून राहिले आणि तिने सगळं सामान भरलं. मी बोलत राहिले, कारण बोलणं हाच नियम : तू टॉवेल ठेवलास. तू झाकण लावलंस. तू खोकं दाराशी नेलंस. तू तिला खोक्यावर बसवलंस, दाराकडे तोंड करून. माझा आवाज कसा येत होता कोण जाणे, पण तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

घंटी वाजली.

"आता सांगू?" मी विचारलं.

"सांग."

"तू कुठेही जाणार नाहीस."

"बाहुली," तिने मला सुधारलं.

"बाहुली नाही आणि तूही नाही. आम्ही तसं बोललो, ते चुकलो."

तिने विचार केला. "ओरडले तरी?"

"ओरडलीस तरी."

तिने लगेच तपासून पाहिलं. छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले, मुठी आवळल्या आणि अशी ओरडली की शेजारच्या आजोबांनी भिंतीवर काठी ठोकली. राग नव्हता त्यात. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसून राहिले. श्वास संपल्यावर तिने एक डोळा उघडला. मी आहे की नाही, पाहिलं. मग दुसरा उघडला.

"अजून एकदा?" तिने विचारलं.

"अजून एकदा," मी म्हटलं, आणि आजोबांनी पुन्हा काठी ठोकली. तिसऱ्यांदा तिला ओरडायचं होतं, पण हसूच आलं. मला रडू आलं. त्यावर ती म्हणाली, "तू आत्ता रडते आहेस," आणि थांबली. काही विचारलं नाही, काही सुचवलं नाही. मग खोक्यातून टॉवेल काढून दिला. बाहुलीचा, चार बोटांएवढा.

पहिल्या पत्रात मी तुम्हाला एक गोष्ट लिहिली नव्हती. मी तिला पाठवायला निघाले होते, ते ती ओरडते म्हणून नाही. मला वाटायला लागलं होतं की मला माझी मुलगी आवडत नाही. ते कोणाला सांगणार, म्हणून ओरडण्याचं नाव पुढे केलं. आता लिहू शकते, कारण आता ते खरं नाही. मला ती आवडते. त्या ओरडण्यासकट, दातासकट. शाळेच्या मोठ्या बाईंनी काल सांगितलं की पुढच्या सत्रात तिची जागा पक्की आहे, पण ते मी सर्वांत शेवटी लिहिते आहे, ह्यावरून काय ते समजा.

तुम्हाला महिनाभर छळून "हो" काढलं आणि आता मीच नको म्हणते आहे. मनावर दगड ठेवून हो म्हटलं असेल, तर सुटलात. रागावू नका.

तुमची,
धाकटी


१५ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

मनावर दगड ठेवून म्हटलं नव्हतं. आता तू खरं लिहिलंस, तर मीही लिहिते.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी सुताराला बोलावलं. पलंग करून घेतला, साडेतीन फुटांचा, कोपरे गोल घासलेले. खोलीला रंग दिला. इथल्या शाळेच्या बाईंना भेटले ते ऑक्टोबरात नव्हे, सप्टेंबरच्या सातला. आणि मग तुला लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की मला ही मुलगी फारच हवी आहे. मला पाऊस हवा असला की ढग जरा जास्तच काळे दिसतात, हे मला ठाऊक आहे. अशा दिवशी मी ढगांची नोंद जोडीदारणीला करायला लावते. तुझ्या घरची नोंद घ्यायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तुलाच लावली. महिना तुझ्या विचारासाठी नव्हता, माझ्यासाठी होता. आणि वही वाचल्यावर दिसलं की तिला पाठवणं हे माझ्या सोयीचं आहे, तिच्या नाही. तरी मी "हो" लिहिलं आणि ठरवायचं तुझ्यावर टाकलं. तेवढा धूर्तपणा माझ्याकडून झाला. त्या पत्रामुळे तिला खोकं भरावं लागलं, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

तुझं पत्र वाचून मी रडले. आधी पलंगासाठी, हे कबूल करते. मग चार बोटांच्या टॉवेलापाशी आले आणि ते रडणं कधी बदललं, कळलं नाही. जोडीदारणीने विचारलं, "वाईट बातमी?" मी म्हटलं, "नाही गं. माझी भाची घरी राहणार." ती म्हणाली, "मग बरंच झालं की." मी म्हटलं, "हो. बरंच झालं." आणि खरोखरच बरं वाटलं.

पलंग मोडणार नाही. सुट्टीत तिघं या. तू आणि बंड्या वरच्या खोलीत झोपा. इथे दोन मैलांत काठी ठोकायला कोणी नाही, तिला हवं तेवढं ओरडू दे, मीही एकदा तिच्याबरोबर ओरडून पाहीन. इतक्या वर्षांत इथे कधी ओरडले नाही.

फक्त एक कर. निघायच्या आधी तिला सांग की परत कधी यायचं ते. आणि ती तारीख तिच्याच हाताने, मोठ्या अक्षरांत, कागदावर लिहून घे. कागद तिच्या खिशात असू दे. गाडीतून उतरल्यावर मी तिला सगळ्यांत आधी तोच दाखवायला सांगेन.

तुझी,
ताई